पितृपक्षात ठरवलेली गाडी

२६ सप्टेंबर २००२, गुरुवार. सकाळी गवार मोडत बसले होते. सासऱ्यांचं श्राद्ध पंचमीला. त्या दिवशी गवार, भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी, यांतलं काही राहिलं तर सासूबाई वर्षभर आठवण काढत. सासऱ्यांची नाही, राहिलेल्या पदार्थाची.

ऑफिसातून रजा घेतली होती. मी एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. हात गवारीवर होते आणि डोकं सायखेड्याला. तिथे एका द्राक्षबागायतदाराच्या कांदा साठवायच्या चाळीत, ताडपत्रीखाली, एक पांढरी जुनी गाडी उभी होती. ती आमची झाली होती आणि झालेली नव्हतीही. याच अर्धवटपणाने मला चार दिवस स्वस्थ बसू दिलं नव्हतं. मला अर्धवट काही सहन होत नाही. फोडणी अर्धवट, हिशेब अर्धवट, बोलणं अर्धवट, काहीच नाही.

गाडी हवी होती मुलीला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. कागदोपत्री बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, प्रत्यक्षात नवऱ्या नटवायची. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका पार्लरमध्ये सतराव्या वर्षी शिकायला गेली, आणि दोन लग्नसराईंत तिचं नाव निफाड, दिंडोरी, कळवणपर्यंत पोचलं. शहरात पार्लर ढीगभर. गावात पहाटे चारला येऊन नवरीला तयार करणारी मुलगी मिळत नाही. लग्नघरचे म्हणायचे, गाडी पाठवतो. गाडी कधी यायची, कधी दुधाच्या टेम्पोत पुढे जागा मिळायची. परत सोडायचं तर कुणाच्याच लक्षात राहायचं नाही. एकदा दिंडोरीकडून ती मांडववाल्याच्या टेम्पोत, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसून आली. डोक्यावर अक्षता तशाच.  दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हटलं, "गाडी घे."

"कशाने?"

"अर्धे तू, अर्धे मी. तुझे अर्धे तुझ्या कमाईचे. पप्पांकडून मागायचे नाहीत, आजीकडून घ्यायचे नाहीत, आणि माझे अर्धे म्हणजे अर्धेच. एक रुपया वर नाही."

ती हो म्हणाली. चालवायला शिकली, लायसन्स काढलं. आणि मग तिने एक उद्योग करून ठेवला: तुळशीचं लग्न झाल्याबरोबर पहिल्याच मुहूर्ताची कळवणची ऑर्डर घेतली, आणि त्यांना सांगितलं, माझी गाडी आहे, मी माझी येईन. त्यापाठोपाठ आणखी चार जणांना तेच सांगितलं. आगाऊ पैसे घेतले. ते पैसे तिच्या अर्ध्यात धरलेले. म्हणजे गाडी आली नाही तर पाच ऑर्डरी परत, पैसे परत, आणि गावात एकदा "ती येत नाही" असं झालं की पुढच्या ऑर्डरीही गेल्या. तिच्या कामाचा सगळा पाया त्या एका गाडीवर उभा होता, आणि गाडी अजून दुसऱ्याच्या चाळीत होती.

चाळीतली ही गाडी तिनेच पाहिली होती. मे महिन्यात सायखेड्याला एका नवरीसाठी गेली होती. नवरीच्या चुलत्यांची गाडी. त्यांनी मोठी जीप बुक केली होती, ती दसऱ्याला येणार, मग ही विकायची. आमच्या पैशांत बसणाऱ्या दुसऱ्या गाड्या आम्ही पाहिल्या होत्या. एकीचा पत्रा मुंबईच्या हवेने खाल्ला होता, एक पंधरा हातांतून गेलेली टॅक्सी होती. ही एका हातातली, घरची, कमी फिरलेली.

पितृपक्षात सौदा करायचा, हे माझं डोकं. फ्रिज मी पितृपक्षात घेतला. शिलाई मशीन पितृपक्षात. त्या पंधरवड्यात दुकानदार माश्या मारत बसतो, गिऱ्हाईक दिसलं की उठून उभा राहतो. तोच माणूस घटस्थापनेनंतर मान वर करून बघत नाही. सासूबाईंना हे कधीच पटलं नाही.

"पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू घेत नाहीत," त्या म्हणाल्या.

"नवी कुठे आहे आई, दहा वर्षांची आहे."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. आणि मुलीला गाडी कशाला लागते? मी नाशिकला आले तेव्हा टांग्याने आले."

"टांगेवाला वेळेवर आला असेल तुमच्या वेळी."

तर प्रतिपदेच्या रविवारी आम्ही तिघं सायखेड्याला गेलो. मी, मुलगी आणि हे. हे सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून बघायची सवय. गाडी उलटी करता येत नाही म्हणून ते गुडघ्यावर बसून खालून बघत राहिले. मालक साठीपुढचे, घरातले त्यांना आबा म्हणत. मुलगा बागेत छाटणीची माणसं लावायला गेला होता. आबा बाजेवर बसले, आम्हाला खुर्च्या दिल्या, आणि मी बोलणं सुरू केलं. टायर, बॅटरी, मागच्या दाराचा पोचा. आबा पंच्याहत्तर म्हणाले, मी साठ म्हटलं, आणि चहा संपायच्या आत पासष्टवर आलो. मी मनातल्या मनात खूश. पितृपक्षाने दहा हजार वाचवले.

मी पर्समधून विसार काढला. हजाराची नोट पुढे केली. आबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, जणू मी विंचू धरला होता.

"बाई, पितरपाटात मी पैका हाती घेत नाय. अन गाडी बी दारातून काढत नाय. घट बसले की या, घेऊन जा."

"अहो पण विसार तरी ठेवा. व्यवहार पक्का झाला असं..."

"पक्काच हाये. शब्द दिला ना."

"मग नोट बाजेवर ठेवते. हातात घेऊ नका."

"बाजेवर ठिवली तरी माझीच बाज हाये ती."

मुलगी हसली. मी नाही. बस नाशिकच्या दिशेने निघाली तसं माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. इतकी वर्षं मी दुकानदारांकडून घेत आले. दुकानदाराला विकायचंच असतं, पितर असोत नसोत. घरची गाडी विकणारा माणूस निराळा. पितृपक्षात घेणारा थांबतो हे मी धरलं होतं. देणाराही थांबतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आता हातात पावती नाही, विसार नाही, कागद नाही. पंधरा दिवस ती गाडी त्या चाळीत उभी राहणार, येणारा-जाणारा बघणार, आणि दसरा जवळ येईल तसा भाव वर जाणार.

घरी आल्यावर मी सगळ्यांना बसवून सांगितलं. "कुणीही तिकडे फोन करायचा नाही. एकदा फोन केला की त्यांना कळतं यांना गरज आहे. गरज कळली की भाव चढतो. समजलं?"

"समजलं," मुलगी म्हणाली.

"बरोबर आहे," हे म्हणाले.

सासूबाई जपाच्या माळेवर होत्या. त्यांना मी विचारलंही नाही. गाडीशी त्यांचा संबंध काय.

तर त्या पंचमीला श्राद्ध झालं, गुरुजी जेवून गेले, कावळ्याने घास लवकर घेतला, आणि मी भांडी आवरून उभीच राहिले. बसवेना. माळ्यावरचे डबे काढून घासले. पितृपक्षात काही नवं सुरू करायचं नाही म्हणून सगळं गाव थांबलेलं, आणि आमच्या घरात कुणाला थांबता येत नव्हतं. मुलगी दिवसातून दोन-तीनदा काहीतरी आणायला बाहेर पडायची. टिकल्यांचं पाकीट, मग पिना, मग परत टिकल्या. हे नेहमी रात्री पेपर वाचायचे, ते जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचं पान काढून तेवढंच वाचायला लागले. जेवताना कुणीतरी म्हणायचं, "ऊन फार आहे, ताडपत्रीने रंग जात नाही ना?" आणि कुणीतरी म्हणायचं, "विषय नको."

सोमवारी मला राहवलं नाही. शाळेजवळ एसटीडी बूथ होता. मधल्या सुट्टीत गेले. माझं माहेर सटाण्याकडचं, अहिराणी मला येते, घरी कधी बोलत नाही एवढंच. आवाज जाड केला.

"भाऊ, ती पांढरी गाडी शे का अजून, का इकी टाकी?"

पलीकडे आबांचा मुलगा होता. "हाय अजून. कुठून बोलता?"

"मालेगावहून."

"लय फोन येऊ राह्यले बघा गाडीला. दसऱ्याच्या आत जाईन ती. तुमचा काय भाव?"

मी फोन ठेवला. लय फोन येऊ राह्यले. उरलेला दिवसभर मी फी-पावत्यांवर चुकीची तारीख टाकत होते. म्हणजे कुणीतरी दुसरं मागे लागलं होतं. एजंट असणार. नाशिकचे जुन्या गाड्यांचे एजंट दसऱ्याच्या तोंडावर गावोगाव फिरतात हे मला माहीत होतं. आबांचा शब्द आबांपाशी; मुलगा तो शब्द पाळेल कशावरून?

घरी कुणाला सांगता येईना, कारण मग मी फोन केला हे सांगावं लागलं असतं. मुलीचा चेहरा दोन दिवसांत उतरला होता. तिला विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, गाडी गेली तर काय करायचं याचा विचार करतेय." मी म्हटलं, जाणार कशी? ती म्हणाली, "जाऊ शकते ना." हे म्हणाले, "मागणी असते अशा गाड्यांना." सगळ्यांनाच कुठून तरी वास लागल्यासारखं झालं होतं, आणि मी ते घरातल्या काळजीवर ढकललं.

शेवटी सर्वपित्रीच्या आधीच्या शुक्रवारी मी बँकेतून वरचे दहा हजार काढले. वेगळ्या पाकिटात, पर्सच्या आतल्या कप्प्यात. "एक रुपया वर नाही" हे माझंच वाक्य. लागले तर देईन, असं स्वतःला सांगितलं. मुलीला कळू द्यायचं नाही. तिचे अर्धे पैसे ती हजार-हजारच्या पुडक्यांत, रबर लावून, पिठाच्या डब्यामागे ठेवत होती. ती पुडकी रोज काढून परत ठेवायची. मी बघूनही न बघितल्यासारखं करत होते.

सोमवारी, ७ ऑक्टोबरला, घट बसले. सासूबाई आंघोळ करून घटापुढे बसल्या आणि आम्ही तिघं निमाणी स्टँडवरून सायखेड्याची एस.टी. धरली. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, हे कारखान्यात आजारी पडले होते. बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती आणि पूर्ण रस्ता पाय हलवत होती. मी एकदा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, थांबव म्हणून. तो थांबला, मग माझा सुरू झाला.

आबांच्या घरीही घट बसत होते. आबांच्या पत्नी शेतातली माती परातीत घेऊन उंबऱ्यातून आत चालल्या होत्या. गाडी चाळीतून बाहेर काढून धुऊन ठेवली होती. ते बघून मला जरा हायसं वाटलं. पण तिच्या बॉनेटला टेकून आबांचा मुलगा उभा होता, पस्तिशीचा, खिशात मोबाइल.

"या मॅडम. आबांनी सांगितलं मला पासष्टचं. पण परिस्थिती बदलली."

"कशी बदलली?"

"पंधरा दिवसांत गाडीला गिऱ्हाइकांची रीघ लागली. ऐंशीच्या खाली नाही द्यायची."

आबा बाजेवर बसले होते. "मी शब्द दिला त्यांना," ते म्हणाले.

"आबा, तुम्हाला बाजार माहीत नाय. मी फोन घेतलेत." तो माझ्याकडे वळला. "एक पोरगी तर रोज. सकाळी अकराच्या सुमारास. 'गाडी विकली का हो?' एवढंच विचारते अन ठेवून देते. नाव सांगत नाय. एजंटची पोरगी असंल, तेच लावतात असं."

मी मुलीकडे पाहिलं. ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती.

"एक गृहस्थ हायेत. लय बारीक विचारतात. ॲव्हरेज किती, ऑइल कधी बदललं, क्लचप्लेट घातली का. घेणारा मानूस, जाणकार."

हे चाकापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"मालेगावची एक बाई. अन एक म्हातारी, ती तर येडीच म्हणा, भाव नाय विचारला, काय नाय. म्हणे, पांढरीच आहे ना? काळी नाही ना? नक्की पांढरी? मंग जय श्रीराम म्हणून फोन ठिवला."

आमच्या तिघांपैकी कुणी कुणाकडे बघेना. जय श्रीराम म्हणून फोन ठेवणारी म्हातारी आमच्या घरात एकच होती. जपाची माळ बाजूला ठेवून, फोनशेजारी मी चिकटवलेल्या कागदावरचा नंबर बघून, तिनेही लावला होता. दहा वर्षांच्या जुन्या गाडीवर पंधरा दिवस आम्हीच चौघं एकमेकांविरुद्ध बोली लावत होतो.

पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. ऐंशीला पुरत नव्हतं, पण पंच्याहत्तरला पुरलं असतं, आणि पंच्याहत्तरवर तो आला असता. माणूस बघून कळतं. मी नुसतं म्हणायचं होतं, ठीक आहे, पाच कमी करा. कुणाला काही कळलं नसतं. मात्र मग त्या गाडीतला मुलीचा वाटा अर्धा राहिला नसता, आणि मी केलेला नियम मीच मोडला असता, तोही आमच्याच फोनांच्या भीतीने. पर्सची चेन मी उघडली होती. तेवढ्यात मुलगी बोलली.

"दादा, ती पोरगी मीच."

तो बघत राहिला. "तुम्ही म्हणजे?"

"रोज फोन करणारी. मला भीती वाटायची विकली जाईल म्हणून. मला तुळशीच्या लग्नानंतर कळवणला जायचंय. मी गाडी आहे सांगून ऑर्डर घेतलीये."

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. हे उठले, हात झटकले. "ॲव्हरेज विचारणारा मी. दोनदाच केला."

"तीनदा," आबांचा मुलगा म्हणाला.

"तीनदा."

"आणि मालेगावची मी," मी म्हटलं. "म्हातारी माझी सासू. म्हणजे गिऱ्हाईक एकच आहे, दादा. रीघ वगैरे नाही."

उंबऱ्यात आबांच्या पत्नी परात घेऊन तशाच उभ्या होत्या. त्या हसायला लागल्या. मुलगाही हसला, पण लगेच आवरला, धंद्याचा माणूस.

"म्हणजे तुम्हाला लय गरज हाये, असंच झालं ना हे."

"आहे," मुलगी म्हणाली. "पण माझ्याकडे साडेबत्तीसच आहेत आणि आईकडे साडेबत्तीस. जास्त नाहीत."

पर्सची चेन मी बंद केली.

आबा हसले नव्हते. बाजेवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी माझ्या शब्दाचा भरोसा नव्हता तुम्हाला."

काहीतरी गोड बोलायला हवं होतं. तसं नाही, मुलीची घाई, वगैरे. मला ते जमत नाही, आणि ते खोटं ठरलं असतं.

"नव्हता आबा. आम्ही ऑफिसातली माणसं, कागदावर चालतो."

"मंग कागदच घ्या," ते म्हणाले. मुलाकडे वळले. "पासष्टला दे. मी बोललो ते बोललो. सही कुठं करू सांग."

त्यांनी बाजेवरच सह्या केल्या, कुठल्या कागदावर काय लिहिलंय ते न बघता, आणि उठून घटाच्या खोलीत गेले. परत बाहेर आले नाहीत. पैसे मुलाने मोजून घेतले. मग तो गाडीकडे गेला, टेप सोडवून घेतला आणि स्टेपनी काढून चाळीच्या भिंतीला टेकवली.

"हे काय?" मी विचारलं.

"आबांनी शब्द किमतीचा दिला. स्टेपनी अन टेपचा शब्द कुणी दिला नव्हता, मॅडम."

मी तोंड उघडलं. स्टेपनी गाडीचीच असते, हे कुठल्याही रस्त्यावरच्या माणसाला माहीत असतं, आणि मी ते त्याला दहा मिनिटं सांगू शकले असते. मुलगी मध्येच म्हणाली, "चालेल." किल्ली घेतली. आबांच्या पत्नीने तिला हळदीकुंकू लावलं, हातात नारळ दिला. "माझ्या धाकटीचं बी ठरतंय, तवा येशील ना?" असं विचारलं. ती म्हणाली, "गाडी घेऊन येईन, काकू."

नाशिकपर्यंत तीच चालवत आली. मी मागे बसले. स्टेपनीच्या रिकाम्या जागेत एक पान्हा राहिला होता, तो खड्ड्यागणिक खडखडत होता. पुढे हे बसले होते आणि वाटेतला प्रत्येक पंक्चरवाला दाखवत होते.

"हा एक आहे उजवीकडे."

"पप्पा, नका दाखवू."

"लक्षात असलेलं बरं. पुढचा थेट ओढा गावात आहे."

"पप्पा."

कांद्याच्या ट्रॅक्टरामागे ती फार वेळ अडकली. हॉर्न वाजवला नाही, ओव्हरटेक केलं नाही, नुसती दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून त्या ट्रॉलीच्या वेगाने चालत राहिली. मी मागून म्हणणार होते, घाल की पुढे. पण माझेही पाय पुढच्या सीटखाली ब्रेक दाबत होते. मी आबांचा विचार करत होते. नव्हता, असं म्हटलं ते बरोबरच म्हटलं. तरी ते उठून आत गेले ते डोळ्यांपुढून जात नव्हतं.

इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली. सासूबाई खाली येऊन उभ्या होत्या, ताम्हणात कुंकू आणि हातात चार लिंबं. चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आणि मग दोन पावलं मागे जाऊन गाडी न्याहाळली.

"पांढरीच आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही फोनवर विचारलं होतंत ना," मी म्हटलं.

त्या जराही ओशाळल्या नाहीत. "फोनवर विचारून खात्री होते होय? आणि तू मालेगावहून बोललीस म्हणे."

मुलीने उतरल्या-उतरल्या, लिंबं ठेवून होईपर्यंत, मैत्रिणीला सांगावं तसं सगळं आजीला सांगून टाकलं होतं. दोघी वरपर्यंत हसत गेल्या. मी लिंबं उचलून बाजूला टाकली, नाहीतर पोरं क्रिकेटला नेतात.

संध्याकाळी मुलगी माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "स्टेपनीचे माझे अर्धे आत्ता नाहीत. पहिल्या ऑर्डरीनंतर देईन. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. पर्समधल्या पाकिटाचं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे सगळं बोलणंच झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, घरचे उठायच्या आत, मी सायखेड्याला फोन लावला. आबांच्या पत्नीने घेतला. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, इंदिरानगरहून बोलते म्हणाले. गाडी नीट पोचली, आबांना सांगा. त्या म्हणाल्या, आबा बागेत गेलेत, छाटणी चालू हाये, सांगते. मी म्हटलं, त्यांनाच सांगायचं होतं, दुपारी करते. त्या म्हणाल्या, दुपारी ते झोपतात, सांजच्याला करा. बरं म्हटलं.

मग ह्यांची स्कूटर काढली आणि द्वारका चौकातल्या जुन्या टायरांच्या दुकानात गेले. दुकान नुकतंच उघडत होतं. दुकानदाराने तीन चाकं दाखवली, मी तिसरं घेतलं, घासाघीस केली, ते स्कूटरच्या पायाशी आडवं घालून त्यावर दोन्ही पाय ठेवले, आणि तशीच शाळेत गेले. हजेरीपटावर माझ्या नावापुढे उशिराची खूण झाली होती. चाक ऑफिसात कपाटाला टेकवून ठेवलं आणि फी-पावत्या काढल्या.